टी-रेक्स पडला, पण जबडा उघडला नाही

बडोद्यातल्या गेम कॅफेत पैसे घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या गोष्टखेळाची डीएमगिरी करायची (डीएम म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा) म्हणजे निम्मा पगार पंचगिरीचाच. गोष्ट सांगायला तोंड कमी आणि नियम सांगायला जास्त लागतं. परवाच्या टेबलावरचा वाद मात्र अजून डोक्यातून जात नाही.

पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, आठव्या लेव्हलची, नियम २०२४ चे. समोर टायरानोसॉरस. आकार ह्यूज, म्हणजे मॅटवर तीन बाय तीन चौकोन. एसी, म्हणजे फटका लागायला वीस बाजूंच्या फाशावर गाठायचा आकडा, १३; हिट पॉइंट, म्हणजे जीव, १३६. त्याने पहिल्याच चाव्यात क्लेरिकला (टोळीतला पुजारी) जबड्यात धरलं. ग्रॅपल्ड (पकडीत), वर रिस्ट्रेन्ड (जखडलेला), सुटायला डीसी, म्हणजे फाशावर गाठायचा आकडा, १७. फायटरने मॉल, म्हणजे मोठा हातोडा, उचलला. मॉलची मास्टरी (शस्त्राची खास करामत) टॉपल: फटका लागला की समोरच्याने कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे अंगातल्या दमाचा, सेव्ह (बचावाचा फासा) टाकून डीसी गाठायचा, नाहीतर प्रोन, म्हणजे आडवा. आकाराची अट नाही.

स्ट्रेंग्थ २० असेल तर डीसी ८ अधिक ताकदीचे ५ अधिक लेव्हलचे ३, म्हणजे १६. टी-रेक्सचा सेव्ह फक्त +४, म्हणजे ११ किंवा कमी पडलं की गेला: ५५ टक्के. फटका लागायची शक्यता ८० टक्के. दोन फटक्यांत पाडायची शक्यता जवळपास ६९ टक्के, ॲक्शन सर्ज (त्याच पाळीत आणखी एक ॲक्शन) घेतला तर ९०. पडलाच.

आणि विझर्ड, म्हणजे जादूगार, खेळणारा इंजिनिअरिंगवाला पोरगा उसळला. सात-आठ टनांचं जनावर हातोड्याने पडतं कसं? याच पोराने आदल्या लढाईत ग्रीस हा जमीन निसरडी करणारा पहिल्या लेव्हलचा मंत्र टाकून असंच धूड लोळवलं होतं, तेव्हा कुणी घर्षणाचं गणित मांडलं नाही. ग्रीसलाही आकाराची अट नाही. टी-रेक्सचा डेक्स्टेरिटी (चपळाई) सेव्ह +०, त्यामुळे डीसी १६ ला तो ७५ टक्के वेळा घसरतो. जादूगाराने पाडलं तर जादू, लढवय्याने पाडलं तर फिजिक्स. हा दुटप्पीपणा मी प्रत्येक टेबलावर बघतो.

पुस्तकही धड नाही. शव्ह, म्हणजे धक्का देऊन पाडणं, करायचं तर समोरचा तुमच्यापेक्षा एकच आकार मोठा चालतो. पुश (मागे ढकलायची) मास्टरी लार्जपर्यंत, म्हणजे ह्यूजच्या एक पायरी खाली. डावपेच शिकलेल्या फायटरचा, बॅटल मास्टरचा, ट्रिप अटॅकही (पाडायचा डाव) लार्जपर्यंत. म्हणजे पाडण्याचं खास शिक्षण घेतलेल्याला जे जमत नाही, ते नुसता हातोडा बरोबर धरणाऱ्याला जमतं. लिहिणाऱ्यांनी हे एका टेबलावर बसून वाचलं असेल असं वाटत नाही.

फायटर खेळणारा पोरगा आखाड्यात जातो. तो म्हणाला, "दादा, गामा पैलवान पावणेसहा फुटांच्या आतला. त्याच्याशी लढलेला रहीमबक्ष सुलतानीवाला सात फुटांच्या आसपास. वजन उचलायचं नसतं, एका पायावर आणायचं असतं. पट काढला, पाय खेचला, की संपलं." सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये गामाने १९०२ साली उचललेला म्हणून १२०० किलोचा दगड ठेवलाय, बडोद्यात या युक्तिवादाला उत्तर नाही. शिवाय टी-रेक्स दोन पायांवर, पुढे जड डोकं, मागे शेपटीचा तोल. चार पायांच्या हत्तीपेक्षा तोच सोपा.

खरी अडचण पुढेच आली. प्रोन झाल्याने ग्रॅपल सुटत नाही. ग्रॅपल सुटतो तो धरणारा इनकॅपॅसिटेटेड (काहीच करू न शकणारा) झाला, धरलेला त्याच्या टप्प्याबाहेर ढकलला गेला किंवा धरलेल्याने स्वतः ॲक्शन खर्च करून डीसी गाठला तर. मी पुस्तकाप्रमाणे निकाल दिला. फायटरवाला पोरगा म्हणाला, "एवढं धूड आडवं केलं आणि तोंड उघडत नाही?" नियम माझ्या बाजूने होता, टेबल नव्हतं.

त्यात इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या क्रमात, फायटरच्या लगेच मागे टी-रेक्स. निम्मा वेग खर्चून तो उठला. टोळीतल्या चोरट्याला, म्हणजे रोग (Rogue) या पात्राला, ॲडव्हान्टेजचा (दोन फासे टाकून मोठा धरायचा) एक वारही मिळाला नाही. प्रोनचा फायदा पाडणाऱ्याच्या आणि पडणाऱ्याच्या मध्ये कुणाची पाळी आहे यावर ठरतो, आणि हे नव्या खेळाडूंना कुणी सांगत नाही. फायटरने रेडी करून, म्हणजे वार राखून, नंतर मारायचा म्हटलं तर एक्स्ट्रा अटॅक (पाळीतला दुसरा फटका) जातो, एकच फटका उरतो.

माझं मत: पाडू द्यावं, टॅरास्क या खेळातल्या अवाढव्य राक्षसालाही. विसाव्या लेव्हलच्या फायटरचा डीसी १९, टॅरास्कचा सेव्ह +१०, म्हणजे ४० टक्के. लेजेंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह जिंकला असं ठरवायची मोजकी सवलत) त्यावर उडवायचा की विझर्डसाठी राखायचा, हे डीएमला ठरवावं लागतं. तेवढ्यानेही फायटरचं काम झालं.

पुढच्या खेळापासून दोन गोष्टी बदलल्यात. ज्याच्या तोंडात किंवा मुठीत कुणी आहे असा प्राणी पडला, तर धरलेल्याला तत्काळ सुटकेचा एक रोल, ॲक्शन न खर्चता, डीसी तोच. आणि फटक्याचा फासा व सेव्हचा फासा वेगवेगळ्या रंगांचे, एकदमच टाकायचे, नाहीतर ॲक्शन सर्जच्या फेरीत विझर्ड मोबाइल काढून बसतो.

धनुर्धारी रेंजर खेळणारीची तक्रार मात्र तशीच आहे. पाच फुटांपलीकडून प्रोनवर बाण मारायचा म्हणजे डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान धरायचा), त्यामुळे फायटरने पाडलं की ती चिडते. तिला जवळ जा म्हणून सांगितलं. टी-रेक्सच्या जवळ जायला ती तयार नाही.