पार्सल माझ्या नावाचं, दावा तुमचा

घरून मला पाठवलेलं पार्सल वाटेत हरवलं, तर त्याची भरपाई मी इथून मागू शकत नाही. ती तुम्हालाच तिथून मागावी लागते. परदेशात आल्यावर हे कळायला मला वेळ लागला, आणि घरच्यांना पटवायला त्याहून जास्त. "अगं, पार्सल तुझं, पत्ता तुझा, पोस्ट तुझ्या घराजवळ. मग आम्ही इथून काय करणार?" हा आत्याचा प्रश्न तसा रास्तच होता.

याचं उत्तर पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. 1874 साली बर्नमध्ये देशांनी एकत्र येऊन टपालाचा करार केला. त्यातून उभी राहिलेली जागतिक टपाल संघटना अजून बर्नमध्येच आहे आणि आज तिचे 192 सदस्य देश आहेत. या व्यवस्थेत पोस्टाचा व्यवहार होतो तो पाठवणाऱ्याशी. पैसे त्यानं भरले, पावती त्याच्याकडे, म्हणून भरपाईवर पहिला हक्कही त्याचाच. चौकशीचा अर्ज दुसऱ्या देशातल्या पोस्टानंही स्वीकारावा असं करारात आहे खरं, पण प्रत्यक्षात काउंटरवर "पाठवणाऱ्याला त्यांच्या पोस्टात जायला सांगा" एवढंच ऐकू येतं. पैसे देण्याची वेळ आली की सगळं तिथेच येऊन थांबतं, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही.

तेव्हा हा लेख मुख्यतः पाठवणाऱ्यांसाठी.

आधी ट्रॅकिंग नंबर पाहा. आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर तेरा खुणांचा असतो: सुरुवातीला दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर आर असेल तर रजिस्टर, सी असेल तर पार्सल, व्ही असेल तर विमा उतरवलेलं, ई असेल तर स्पीड पोस्टासारखी ईएमएस सेवा. साध्या पत्राला, म्हणजे ज्याची पोस्टाकडे कुठेच नोंद नाही अशा टपालाला, भरपाई मिळत नाही. ते हरवलं तर हरवलंच. चार पैसे वाचवायला महत्त्वाचे कागद साध्या टपालानं पाठवणारी माणसं अजून आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.

मुदतीचं गणित सोपं आहे, पण लोक त्यातच अडकतात. टपाल दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने, एवढ्यात चौकशी नोंदवायला हवी. पार्सल "येईल, येईल" म्हणत वाट पाहण्यात यातले महिने सहज जातात. उलट फार लवकर गेलात तर "अजून थोडं थांबा" म्हणून परत पाठवतात, कारण बहुतेक पोस्टांनी आपापला किमान वाट पाहण्याचा काळ ठरवलेला असतो. ट्रॅकिंग बराच काळ एकाच ओळीवर अडलंय असं दिसलं की मी घरी कळवते, आणि घरच्यांनी पावती घेऊन पोस्टात जायचं, असा आमचा आता नेम झाला आहे. चौकशीच्या फॉर्मला सीएन 08 म्हणतात. तो भरल्यावर तिकडचं पोस्ट इकडच्या पोस्टाला विचारतं. इकडून दोन महिन्यांत काही निकाल लागला नाही, तर इकडच्या पोस्टाच्या नावावर पाठवणाऱ्याला पैसे देण्याची मुभा तिकडच्या पोस्टाला असते.

आता पैशांबद्दल, कारण इथेच सगळ्यात मोठा अपेक्षाभंग होतो. भरपाई कुठल्याच देशाच्या चलनात ठरत नाही. ती एसडीआरमध्ये ठरते. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड या पाच चलनांवरून त्याची किंमत निघते. हरवलेल्या रजिस्टर टपालासाठी बरीच वर्षं 30 एसडीआर ही कमाल रक्कम चालत आली आहे. साध्या पार्सलसाठी 40 एसडीआर आणि वर दर किलोला साडेचार. म्हणजे पाच किलोचं पार्सल गेलं तर जास्तीत जास्त साडेबासष्ट. पार्सल पूर्ण हरवलं असेल तर टपालखर्चही परत मिळतो, पण रजिस्टरचं किंवा विम्याचं शुल्क मिळत नाही. आत महागडा कॅमेरा होता की जुने स्वेटर, याचा या कमाल रकमेशी संबंध नाही. वस्तू तितक्या किमतीची नसेल, तर रक्कम आणखी खाली येते.

किमती वस्तूसाठी म्हणूनच विमा. तिथे जाहीर केलेल्या किमतीपर्यंत भरपाई मिळते. किमतीपेक्षा कमी रकमेचा विमा चालतो. मुद्दाम जास्त दाखवलीत तर ती फसवणूक ठरते आणि दावा बाद होतो.

माझं घरच्यांशी सगळ्यात जास्त भांडण होतं ते कस्टमच्या कागदावरून. पार्सलवर सीएन 22 किंवा सीएन 23 हा फॉर्म चिकटवतात. त्यात आत काय आहे आणि त्याची किंमत किती, ते लिहायचं असतं. इथे मला कर पडू नये म्हणून घरचे प्रेमानं किंमत अगदी किरकोळ लिहितात. पार्सल पोचलं तर ठीक. हरवलं तर मात्र तोच कागद पोस्टाच्या हातातला पुरावा असतो, आणि आपणच लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त मागायला तोंड उरत नाही. "घरगुती सामान" असं मोघम लिहिणंही तसंच. खरी किंमत लिहा, खरेदीची बिलं जपून ठेवा, खोका बंद करण्याआधी आतल्या वस्तूंचा आणि बंद केल्यावर खोक्याचा फोटो काढा. पडणारा कर मी भरेन.

पार्सल आलं पण फुटून आलं, तर पळापळ माझ्याकडे. खोका चेपलेला किंवा फाटून पुन्हा चिकटवलेला दिसला, तर सही करण्याआधी तसं नोंदवून घ्यायचं. निमूट सही केली की पोस्टाची जबाबदारी बहुधा तिथेच संपते. आत मोडतोड झाल्याचं उघडल्यावर कळलं, तर लगेच पोस्टात कळवायचं, आणि नुकसान माझ्या घरात झालेलं नाही हे दाखवायचं. त्यासाठी खोका, आतलं पॅकिंग, तुकडे, सगळं जसंच्या तसं ठेवायचं. घर आवरण्याचा उत्साह त्या दिवशी आवरता घ्यावा. पोस्ट तपासणी करून आपला अहवाल बनवतं आणि तो तिकडे जातो. पॅकिंगच कच्चं होतं असा शेरा त्यात आला, तर भरपाई मिळत नाही. म्हणून काचेच्या वस्तूभोवती नुसता वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून भागत नाही.

भरपाई मलाच मिळावी असं वाटत असेल, तर त्याचीही सोय आहे. पाठवणाऱ्यानं आपला हक्क सोडत असल्याचं लेखी द्यायचं, मग तो पत्त्यावरच्या माणसाकडे येतो. आत्यानं असं पत्र लिहून त्याचा फोटो मला पाठवला, तेव्हा इथल्या काउंटरवर पहिल्यांदा माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकलं गेलं.

काही गोष्टींचा दावा लावूच नये. कस्टमनं जप्त केलेलं, टपालानं पाठवायला बंदी असलेलं, नैसर्गिक आपत्तीत गेलेलं यात पोस्ट हात वर करतं. कागद उशिरा आले म्हणून प्रवेश हुकला, अशा नुकसानीचेही पैसे नाहीत. खासगी कुरिअरचे नियम तर पूर्ण वेगळे. त्यांच्या पावतीमागच्या बारीक अक्षरांतल्या मुदती पोस्टापेक्षा बऱ्याच कमी असू शकतात, त्या आधीच वाचा.

आणि समजा, पैसे मिळाल्यावर पार्सल सापडलं, तर? होतं असं. मग पोस्ट कळवतं, आणि तीन महिन्यांत घेतलेली रक्कम परत करून पार्सल सोडवून घेता येतं. पाठवणाऱ्यानं नको म्हटलं तर पत्त्यावरच्या माणसाला विचारतात, आणि दोघांनाही नको असेल तर ज्या पोस्टानं भरपाईचा भार सोसला, त्याच्या मालकीचं ते होतं. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "पैसे परत देऊ, पार्सल घेऊ. एवढं निवडून भरलंय, ते पोस्टाला कशाला?"