तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या गावापुरतं का बघत नाही?

"तुमच्या गावाला आता पाणी आहे ना? मग बाकीच्या गावांच्या मागे कशाला फिरता?" लग्नात, तालुक्याच्या बाजारात, कृषी खात्याच्या प्रशिक्षणात, जिथं भेटेल तिथं हे विचारलं जातं. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "त्या चार गावांच्या समितीचं काय झालं? मोडली ना?" एकाच ओढ्यावरच्या चार गावांनी पाण्याच्या कामासाठी केलेली ही समिती मोडलेली नाही. नीट चालली आहे असंही म्हणवत नाही. दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगून निघते, आणि घरी येईपर्यंत डोक्यात खरं उत्तर घोळत राहतं. ते आज लिहिते.

नगर जिल्ह्यातलं आपलं पारनेरचं पठार, पाऊस, टँकर हे तुम्हाला सांगायला नको. पाणलोट म्हणजे काय तेही नको, तुमच्यातल्या कित्येकांनी टिकाव घेऊन चर खणलेत. सांगायचं एकच आहे. आमच्या विहिरींत जे पाणी आहे ते आमच्या गावचं नाही.

डोंगर वरच्या गावच्या हद्दीत आहे. माथा वनखात्याचा, उतारावर गायरान. तिथं पडलेलं पाणी ओढ्याने आमच्या शिवारात उतरतं आणि पुढं खालच्या दोन गावांना जातं. वरचा कुजलेला मुरूम काय पाणी धरील तेवढंच, त्याखाली काळा कातळ. त्याच्या भेगांतून पाणी कुणाच्या विहिरीत निघेल ते सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याचे १५३१ पाणलोट पाडलेत, म्हणजे ज्यांचं पाणी एकाच ओढ्या-नदीला येतं असे भाग. त्यांच्या रेषा डोंगराच्या धारेवरून जातात, गावच्या शिवेवरून नाही. पण निधी गावाच्या नावावर, ठराव गावाचा, बक्षीस गावाला. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली तेव्हा गावंच्या गावं उन्हात राबली, त्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तरीही स्पर्धा गावागावांतच होती.

मग तुम्ही आदर्श गाव म्हणून हिवरे बाजार पुढे करता. मी पाहून आलेय. २००४ पासून ते दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस बघून पिकं ठरवतात, शेतीला बोअर घेत नाहीत. त्या गावाने बंधनं स्वतःवर घातली आणि पाणीही त्यालाच मिळालं. आमच्याकडे बंधन पडतं एका गावावर आणि मोटर चालते दुसऱ्या गावात. हा फरक मला कुणी पुस्तकातून शिकवला नाही. तो एका बैठकीत समोर आला.

वरच्या गावच्या मारुतीच्या देवळात बैठक होती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचं ठरलं होतं: वर सलग समतल चर, उतारावर दगडी बांध, ओढ्यात माती नाला बांध. रोपं लावायची, ती जगवायला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी. चारही गावांचे लोक आले होते. डोंगराच्या कुशीला धनगरांची वाडी आहे, तिथली माणसं पायरीशी बसली होती. मला बोलायला सांगितलं, कारण बायांना समजावणं माझ्याकडे होतं. मी म्हणाले, चराई बंद झाली की पहिल्याच पावसात गवत गुडघ्याला लागेल. पवन्या येईल, मारवेल येईल. ज्याला हवं त्याने कापून न्यावं, पैसे पडणार नाहीत.

वाडीतल्या एक आजी उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "बाई, शेरडू कापल्यालं गवत खातं व्हय? त्याला पाला लागतो. हितं खुडल, तितं खुडल, असं हिंडत खातं ते. गवात तुमच्या गायांला."

कुणीतरी त्यांना खाली बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. "तुमच्या हिरीला पाणी येनार, लई चांगलं झालं. आमची हीर कुठंय?"

वाडीत विहीर नव्हती. विहीर खणावी अशी जमीनच त्यांच्याकडे नव्हती. बोरीच्या, बाभळीच्या, हिवराच्या पाल्यावर जगणारी शेरडं हीच त्यांची शेती, आणि ती ज्या डोंगरावर चरायची तोच आम्ही बंद करत होतो. एकाने सांगितलं, पाणी वाढलं की सगळ्यांचंच भलं होईल. हात वर करून ठराव झाला. तीन गावं खालची, वाडीचे हात किती असणार?

त्या पावसाळ्यापर्यंत वाडीने निम्म्याहून जास्त शेरडं विकली. सगळ्यांनी एकदमच बाजारात नेली, त्यामुळे भाव पडला. आजींचा मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागला. दोन पावसाळ्यांनी आमची विहीर, जिचा तळ मार्चमध्ये दिसायचा, ती मेपर्यंत टिकली. मी उन्हाळ कांदा केला. खुरपायला बाया मिळेनात, तेव्हा वाडीतल्या आल्या. त्यांच्या डोंगरातून मुरलेल्या पाण्यावर माझा कांदा वाढत होता आणि मी त्यांना रोजंदारी देत होते.

तेव्हा मी स्वतःला सांगायचे की ऊसतोडीला जाण्यापेक्षा घराजवळ मजुरी मिळाली, हे काय कमी आहे? हे अगदी खोटंही नव्हतं. पण शेरडं विकून पोरीचं लग्न करता येतं, दवाखाना करता येतो. मजुरीतून त्या दिवसाची चूल पेटते. आणि तरीही, आज कुणी मला त्याच देवळात उभं केलं तर चराईबंदी नकोच असं मला म्हणता येणार नाही. पहिली तीन-चार वर्षं डोंगर मोकळा ठेवला असता तर एक रोप वाचलं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकमेकींना छेदतात.

नंतर समितीत विषय मांडला. खालच्या तीन गावांत ज्यांच्या मोटरी आहेत त्यांनी कांद्याच्या एकरामागे थोडे पैसे काढावेत. त्यातून वाडीवर जनावरांच्या पाण्याचा हौद बांधावा आणि डोंगराचे तुकडे पाडून आळीपाळीने चराईला खुले करावेत. पहिल्या हंगामात पैसे जमले, हौद झाला. दुसऱ्या हंगामात लोक म्हणू लागले, पाऊस देवाचा, पैसे कसले? त्याच वर्षी खालच्या गावात रात्रीच्या बोअरच्या गाड्या फिरू लागल्या. २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला बंदी आहे. पाणलोटाच्या पातळीवर समिती नेमायचीही त्यात तरतूद आहे. आमच्या ओढ्यावर ती समिती अजून पोहोचलेली नाही.

तुम्ही म्हणाल, ही तर चार गावांची भांडणं. पण जायकवाडीला नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायची वेळ आली की आपल्याच जिल्ह्यात काय होतं ते आठवा. पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीने सूत्र दिलं होतं, जायकवाडी साधारण ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी द्यायचं. त्याला २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचा आधार होता. तेव्हा आपण वरचे असतो आणि अन्याय झाला म्हणून रस्त्यावर उतरतो. आमच्या ओढ्यावर मात्र आम्ही खालचे. इथं वरच्यांनी काही मागितलं की आम्हाला ती अडवणूक वाटते. मला हे सहन होत नाही. म्हणून मी फिरते.

गावापुरतं बघायला मला कुणी बंदी केलेली नाही. बघितलंही असतं. पण वाडीने उद्या डोंगर मोकळा सोडला, चरांत गाळ भरू दिला, तर माझ्या विहिरीचं पाणी किती हंगाम पुरेल? आणि तसं करायचा हक्क त्यांना नाही असं कुठल्या तोंडाने सांगू? हे सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे भीतीपोटी करता. भीती आहेच. पण तेवढीच असती तर चार पैसे देऊन मोकळी झाले असते.

सध्या मागणी अशी आहे की तिन्ही गावांच्या ग्रामसभांनी वाडीचा हिस्सा दरवर्षी द्यायचा ठराव लेखी करावा. एका गावाने केलाय. खालच्या टोकाच्या गावाने अर्जाची पोचसुद्धा दिलेली नाही. आमच्या गावात विषय पुढे ढकलला गेला, आणि ढकलणाऱ्यांत माझी भावकी होती. येत्या ग्रामसभेसाठी मी तो पुन्हा लावून घेतलाय.