हिरड्याच्या पानापासून वंशवृक्षापर्यंत

हिरडा, बेहडा, ऐन, अर्जुन आणि किंजळ ही सह्याद्रीतली पाचही झाडं टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीतली. त्यांची आपसातली नाती शोधायची तर हरितलवकाचा जीनोम (त्याचा संपूर्ण डीएनए) हे स्वस्त आणि भरवशाचं साधन आहे. पण त्यातून कळतो तो फक्त आईकडचा वंश. ही गोष्ट झाडाखाली उभं असतानाच लक्षात ठेवावी लागते, कारण किती झाडांची पानं घ्यायची ते तिच्यावर ठरतं.

आधी ओळख पक्की करा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, अर्जुनाची पांढुरकी, गुळगुळीत. तरी पंखवालं फळ हाती आल्याशिवाय खात्री मानू नये. दोन्हींच्या फळांना पाच पंख असतात. ऐनाच्या पंखांवरच्या शिरा आडव्या, सरळ कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या वर वळतात. किंजळाला एक पंख मोठा आणि दोन लहान. फळं नसतील तर झाडाला बिल्ला लावून, जीपीएस नोंदवून हंगामात परत जावं. हर्बेरियमचा (वाळवून जतन केलेल्या फांदी-फळांचा) नमुना नसलेल्या डीएनएवर पुढे कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. राखीव जंगलात वनखात्याची परवानगी आधीच हातात हवी.

पान कोवळं घ्यावं, चैत्रपालवीतलं मिळालं तर उत्तम. जून पानात टॅनिन (तुरट द्रव्य) फार, आणि हिरड्याच्या कुळात तर तेच सगळ्या त्रासाचं मूळ. पान पुसून, बोटभर तुकडे करून कागदी पाकिटात घालावं आणि पाकीट सिलिका जेलमध्ये ठेवावं. वजनाने पानाच्या दहापट जेल. दुसऱ्या दिवशी जेल बदलायचं. पान चोवीस तासांत कुरकुरीत झालं पाहिजे. हळूहळू वाळलेलं पान तपकिरी होतं आणि आतला डीएनए तुटत जातो.

डीएनए काढायला 30 ते 40 मिलिग्रॅम वाळकं पान पुरतं. बारीक पूड करून आधी सॉर्बिटॉलच्या द्रावणाने दोन-तीनदा धुवावी. वरचं पाणी चिकट, बुळबुळीत राहील तोवर धुणं थांबवू नये. मग 2 टक्के सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन), 1.4 मोलर मीठ, 2 टक्के पीव्हीपी (टॅनिन धरून ठेवणारं) आणि ऐनवेळी घातलेलं 1 टक्का बीटा-मरकॅप्टोइथेनॉल (ऑक्सिडेशन रोखणारं). 65 अंशांवर तासभर. पुढे क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल 24:1, आयसोप्रोपेनॉल, शेवटी 70 टक्के इथेनॉल. तळाला गाळ तपकिरी दिसला तर टॅनिनचं ऑक्सिडेशन झालं आहे. पांढरा पण जेलीसारखा असेल तर ती बहुशर्करा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्या. दोन्ही प्रकारांत नॅनोड्रॉप या मोजणी-यंत्रावर डीएनएचा आकडा भरघोस दिसतो आणि वाचनासाठीची लायब्ररी (डीएनए-तुकड्यांचा तयार संच) मात्र बनत नाही. म्हणून फक्त डीएनए मोजणाऱ्या क्युबिट यंत्राचाच आकडा धरावा.

हरितलवकं वेगळी काढत बसायची गरज नाही. एकूण डीएनएच सीक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातल्या बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) क्रम वाचायला द्या. साधा हिशोब करू: 2 गिगाबेस डेटा, त्यात 5 टक्के हरितलवकाचा धरला तर 10 कोटी बेस. जीनोम सुमारे 1 लाख 60 हजार बेसजोड्यांचा, म्हणजे प्रत्येक जागा सहाशेहून अधिक वेळा वाचली जाते. याहून जास्त पैसे घालण्यापेक्षा आणखी एक झाड घ्यावं.

वाचलेले तुकडे जोडून जीनोम उभा करायला गेटऑर्गनेल हे सॉफ्टवेअर वापरावं आणि जोडणीच्या आलेखाची फाइल बॅण्डेज या सॉफ्टवेअरमध्ये उघडून डोळ्यांनी पाहावी. मोठा एकेरी भाग, छोटा एकेरी भाग आणि दोघांना जोडणारा उलट-पुनरावृत्तीचा भाग दिसतो. या तिसऱ्याच्या दोन प्रती असतात, म्हणून त्याची खोली (तो किती वेळा वाचला गेला ते) इतरांच्या दुप्पट असते. फाइलमध्ये दोन मार्ग येतात, छोटा भाग एकदा सुलट, एकदा उलट. एकाच पानात दोन्ही रूपं खरोखर असतात. दोन झाडांची दोन वेगळी रूपं शेजारी ठेवली की मोठा उत्क्रांतीचा बदल सापडल्याचा भास होतो. तसं काही नसतं. सगळे जीनोम आधी एकाच दिशेला लावून घ्या. मायटोकॉन्ड्रियात गेलेले हरितलवकाचे तुकडेही मध्ये येतात, ते कमी खोलीवरून ओळखू येतात. शेवटी मूळ वाचनं जीनोमवर परत बसवून या भागांमधले चारही सांधे तपासावेत.

जनुकांची नावं लावायला जीसेक हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण त्याच्यावर सोडून देऊ नका. पेटबी या जनुकाचा पहिला एक्झॉन (प्रथिनासाठी वापरला जाणारा तुकडा) फक्त सहा बेसचा, तो हमखास सुटतो. आरपीएस12चे तुकडे जीनोमवर दूरदूर असतात. एनडीएचडीची सुरुवात नेहमीच्या एटीजीऐवजी एसीजीने होते म्हणून त्याला मृत जनुक ठरवू नये. आरएनएमध्ये तो बदलून एयूजी होतो.

वंशवृक्ष काढताना पुनरावृत्तीची एक प्रत गाळावी, नाहीतर तीच माहिती दोनदा मोजली जाते. सगळे जीनोम मॅफ्टने एकाखाली एक जुळवून वंशवृक्ष काढणाऱ्या आयक्यू-ट्रीला द्यावेत. बाह्यगट (वंशवृक्षाचं मूळ ठरवायला घेतलेली बाहेरची जात) निवडताना मात्र सांभाळून. धावडा पूर्वी अॅनोजायसस म्हणून वेगळा मानत, त्यामुळे तो बाहेरचा म्हणून घ्यायचा मोह होतो. पण तो टर्मिनॅलियाच्या आतच पडतो आणि 2017 मध्ये त्याचं नाव टर्मिनॅलिया अॅनोजायसियाना झालं. त्याला बाह्यगट केलं तर मूळच चुकीच्या जागी जातं. त्याच कुळातली उक्षी घ्या.

वंशवृक्षाच्या फांद्यांवर शंभर टक्के सांख्यिकी आधार दिसला तरी जातींचं नातं ठरलं असं धरू नका. हरितलवकाचा सगळा जीनोम एकत्र वारशाने येतो, त्यामुळे तो एकाच जनुकासारखा वागतो. युरोपातल्या ओकांमध्ये वेगवेगळ्या जाती एका जंगलात शेजारी असल्या तर त्यांची हरितलवकं सारखी निघतात, आणि तीच जात दूरच्या जंगलात वेगळं हरितलवक दाखवते. संकरातून परजातीचं हरितलवक घरात येतं आणि टिकतं. म्हणून प्रत्येक जातीची किमान तीन झाडं, एकमेकांपासून लांबच्या ठिकाणची, घ्यावीत; आणि जिथे ओढ्याकाठचा अर्जुन आणि वरच्या उतारावरचा ऐन जवळजवळ आहेत तिथली दोन्ही जरूर घ्यावीत. त्याच डेटातून गेटऑर्गनेलने केंद्रकातला, म्हणजे आईबाप दोघांकडून येणारा, रायबोसोमचा भागही जुळवता येतो, वेगळा खर्च नाही. दोन वंशवृक्ष शेजारी ठेवा. अर्जुन एकात ऐनाजवळ आणि दुसऱ्यात लांब पडला, तर आधी नमुन्यांची अदलाबदल झाली नाही ना ते हर्बेरियमच्या फळांवरून पाहा, आणि मगच संकराचं नाव काढा.