कागद टिपतो, जमीन जिरवते

आजच्या विद्यार्थ्यांना टिपकागद म्हणजे काय हे बहुधा दाखवूनच द्यावं लागेल. आमच्या वेळी शाईच्या पेनाची सक्ती होती, त्यामुळे प्रत्येकाच्या वहीत त्याचा एक तुकडा असायचाच. लिहायच्या कागदाला खळ दिलेली असते, म्हणून अक्षर फुटत नाही. टिपकागदाला ती जवळजवळ नसते, आणि त्याच्या तंतूंमधल्या बारीक फटी शाई ओढून घेतात. याला केशाकर्षण म्हणतात, असं सांगून विज्ञानाच्या सरांनी विषय संपवला. मराठीच्या बाईंनी तो उचलला आणि सोडलाच नाही. त्यांचा प्रश्न असा : कागद शाई टिपतो, मग जमीन पाणी का टिपत नाही?

खरंच टिपत नाही. टिपणं हे वरच्यावर आणि नेमकं असतं. पाखरू दाणा टिपतं, पदराने डोळे टिपतात, छायाचित्रकार क्षण टिपतो. जमिनीत पाणी जिरतं. हा शब्द संस्कृत ‘जॄ’ धातूचा. अर्थ झिजणे, पचणे. जीर्ण, अजीर्ण, जरा ही सगळी त्याच घरची मंडळी. थोडक्यात, जमीन पाणी पचवते. ‘त्याची चांगली जिरली’ म्हणतो तेव्हा कुणीतरी त्याची मस्तीही अशीच पचवून टाकलेली असते! मुरणं निराळं. जिरलेलं पाणी दिसेनासं झालं की आपण ते विसरतो. मुरलेलं आत राहून आपलं काम करत असतं. म्हणून ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ यात संशय आहे, आणि ‘मुरलेला राजकारणी’ यात संशयाबरोबर थोडा आदरही.

बाई खऱ्या रमायच्या त्या ‘शोषणे’ या शब्दात. धातू ‘शुष्’, अर्थ वाळणे. गंमत पाहा, शोषून घेणारा ओला होतो, पण शब्दाचं सगळं लक्ष ज्याचं पाणी गेलं त्याच्याकडे. म्हणून घशाला शोष पडतो, आणि म्हणूनच पिळवणुकीला ‘शोषण’ हा शब्द इतका चपखल बसला. इंग्रजी ‘अ‍ॅब्सॉर्ब’च्या पोटात लॅटिन ‘सॉर्बेरे’ आहे, म्हणजे ओढून पिणे. तिथे बाजू पिणाऱ्याची. आपला ‘सुका’ हा ‘शुष्क’चाच प्राकृतातून आलेला अवतार, तर फारसी ‘खुश्क’ त्याचा चुलतभाऊ. तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, त्या धड्यात भेटणारा ‘खुष्कीचा मार्ग’ म्हणजे मुळात कोरडा रस्ता. हे ज्ञान मी इतिहासाच्या तासाला उभं राहून पाजळलं आणि पुढे शाळा सुटेपर्यंत पोरं मला ‘खुष्की’ म्हणत होती.

पुढे मी रसायनशास्त्राकडे वळलो. तिथे शोषण आणि अधिशोषण असा भेद भेटला. पहिल्यात पदार्थ आत शिरतो, दुसऱ्यात फक्त पृष्ठभागाला धरून राहतो. ओलावा धरणारी सिलिका जेलची पुडी हे दुसऱ्याचं उदाहरण. या दुसऱ्या क्रियेला १८८१ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख कायझर यांनी वेगळं नाव दिलं, तोवर दोन्हींची सरमिसळ चाले. विद्यार्थी आजही गोंधळतात, आणि माझ्या मते दोष निम्मा त्या ‘अधि’चा आहे, तो ऐकून ‘अधिक शोषण’ असं वाटतं. वरच्यावर धरून ठेवणं यासाठी मराठीत हाताशी असलेला शब्द ‘टिपण’. शाळेत भेटायला गेलो असताना बाईंना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं.

“नको रे,” त्या म्हणाल्या, “टिपण म्हटलं की पोरं वही काढून बसतील.”