तुम्ही विचारलंत म्हणून: गरोदर बाईला झटके आले तर मिरगीचं औषध का देत नाही?

लेबर रूममध्ये २२ वर्षं काढली, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत सुद्धा कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, की सिस्टर, आमच्या सुनेला झटके आले तेव्हा मिरगीचं औषध न देता कमरेत ती जीवघेणी दुखणारी इंजेक्शनं का दिली हो?

कारण ती मिरगी नसतेच. बीपी चढतं, बहुतेक वेळा लघवीतून प्रोटीन जातं, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग झटका, ह्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट, आम्ही नुसतं मॅगसल्फ म्हणतो. पूर्वी डायझेपाम, फेनिटॉइन ही मिरगीतली औषधं पण द्यायचे, कुठलं चांगलं ह्यावर वाद होता. मग १९९५ ला मोठा अभ्यास आला, १,६८७ बायका, त्यात आपल्या देशातल्या पण, आणि मॅगसल्फवर पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपामच्या निम्म्यावर आणि फेनिटॉइनच्या एक तृतीयांशावर आलं. वाद तिथेच मिटला.

दुखतं ते खरंय. शिरेतून हळूहळू ४ ग्रॅम, शिवाय दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, म्हणजे एकेका बाजूला १० एमएल, विचार करा केवढं ते. सोबत थोडं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, घालतो तरी बाई कळवळते, मलाही बघवत नाही पण हात थांबवता येत नाही. मग दर चार तासांनी ५ ग्रॅम, डिलिव्हरी किंवा शेवटचा झटका, जे नंतरचं असेल तिथून २४ तास. (सोलापूरच्या डॉ. सरदेसाईंनी आपल्याकडच्या कमी वजनाच्या बायकांसाठी कमी डोसची पद्धत बसवली, मला त्याचं फार कौतुक आहे.)

आणि आम्ही सारखं गुडघ्यावर का ठोकतो, युरिन बॅग का बघतो, तर मॅगसल्फ अंगात जास्त झालं की आधी गुडघ्याचा जर्क, म्हणजे ठोकल्यावर पाय उडतो तो, जातो, मग श्वास मंदावतो. म्हणून पुढच्या डोसआधी जर्क हवा, श्वास मिनिटाला १६ तरी हवेत, लघवी तासाला ३० एमएल तरी हवी, नाहीतर डोस थांबवायचा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी भरून ठेवलेलं असतं.

खरा उपाय डिलिव्हरीच, पण बाळ झाल्यावर पण झटका येऊ शकतो, तेव्हा "आता मोकळी झाली, घरी नेतो" असा हट्ट करू नका हो.

एक कळकळीची विनंती. झटका आला तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, अंगात आलं म्हणून देवऋषाकडे तर मुळीच नेऊ नका. जवळच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, पहिला डोस, दोन्ही बाजूंना मिळून १० ग्रॅम, घ्या आणि मगच १०८ ने पुढे न्या. आणि त्या सिस्टरकडून चिठ्ठीवर किती ग्रॅम, किती वाजता हे लिहून घ्याच, पुढच्या हॉस्पिटलमध्ये आम्ही सगळ्यात आधी तेच विचारतो.