लाकडं शेवटी, आधी मर्ग नंबर

एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, शवगृहाबाहेर बेवारस मृतदेहांच्या अंत्यसंस्काराला मदत करायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: लाकडं किती लागतील? लाकडांची सोय इंदूरमध्ये होऊन जाते. पंचकुइया असो, रामबाग असो की जुनी इंदूर, मुक्तिधामात, म्हणजे स्मशानात, माणसं समजूतदार आहेत. काम अडतं ते कागदावर, आधी मर्ग नंबरावर (अकस्मात मृत्यूच्या पोलीस नोंदीचा नंबर), आणि कागदावरची चूक चिता पेटल्यावर दुरुस्त होत नाही.

मुळात ‘बेवारस’ हा एकच शब्द आपण तीन वेगवेगळ्या परिस्थितींना लावतो. कुणाचं नावच माहीत नसतं. कागदावर ‘अज्ञात पुरुष, वय अंदाजे ५०’ एवढंच. कुणाचं नाव असतं, पण न्यायला कुणी येत नाही. आणि कुणाचे घरचे तिथेच बाकावर बसलेले असतात, फक्त हातात पैसे नसतात. या तिसऱ्याला बेवारस म्हणू नये, त्या घरच्यांच्या जिवाला ते फार लागतं. तिथे वर्गणी काढण्याआधी संबल कार्ड (असंघटित कामगारांसाठीच्या मध्य प्रदेश सरकारच्या योजनेचं) आहे का ते विचारा. नोंदणी असेल तर अंत्येष्टी सहायतेचे ५,००० रुपये मिळतात. अग्नी त्यांच्याच हातून द्यायचा, आपण खांदा द्यायचा.

अज्ञात मृतदेहाचं प्रकरण सगळ्यांत नाजूक. अपघात धार किंवा खरगोनकडे झालेला असतो, जखमीला १०८ने एमवायला आणतात आणि तो इथे दगावतो. मग संयोगितागंज ठाण्यात शून्यावर मर्ग कायम होतो, म्हणजे हद्दीबाहेरच्या मृत्यूची तात्पुरती नोंद होते, आणि तपासाची डायरी मूळ ठाण्याकडे जाते. देह इथे, तपास तिथे. दोन्हीकडे वाटत राहतं की शोध दुसरा घेतोय. म्हणून शून्याच्या नंबरावर थांबू नका, मूळ ठाण्याचा असल मर्ग नंबर मागून घ्या. रुळांवरचं प्रकरण असेल तर विचारणा जीआरपीकडे, म्हणजे रेल्वे पोलिसांकडे. पंचनामा १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली होतो. जुन्या छापील फॉर्मवर आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ राहून गेलं असेल तर तेव्हाच सांगावं.

ओळखीसाठी साधारण ७२ तास थांबतात. हा वेळ नुसता जाऊ देऊ नये. चेहरा स्वच्छ पुसून त्याचा फोटो समोरून आणि दोन्ही बाजूंनी घेतलेला हवा. रक्ताने माखलेल्या चेहऱ्याचा फोटो सख्खा भाऊसुद्धा ओळखत नाही. गोंदणाचा फोटो वेगळा. माळव्या-निमाडात हातावर नाव गोंदवण्याची चाल आहे, त्यामुळे कित्येकदा तेच उपयोगी पडतं. शर्टाच्या कॉलरवरचं शिंप्याचं लेबल, चपलेचा नंबर, गळ्यातला ताईत, सगळं लिहून ठेवावं. बोटांचे ठसे पोलिसांकडून घेतले गेलेत ना, ते विचारावं. आधारशी ठसे जुळवून का बघत नाहीत, असं लोक विचारतात. आधार कायद्याच्या कलम २९नुसार ते ठसे कुणालाच देता येत नाहीत, त्यामुळे त्या आशेवर राहू नये.

डीएनएचा नमुना हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा. तो पीएमच्या, म्हणजे शवविच्छेदनाच्या, वेळीच राखून ठेवायला हवा: रक्त, दात किंवा हाडाचा तुकडा. जळालेल्या अस्थींतून डीएनए मिळणं जवळपास अशक्य असतं. नमुना राखलेला नसेल आणि ओळखही पटलेली नसेल, तर दहनाची घाई करू नये, असं आमचं ठाम मत आहे. पुरलेला देह परत काढता येतो.

धर्म कपड्यांवरून ठरवणंही चूक. मनगटावर लाल धागा आहे एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. पंचनाम्यात काय लिहिलंय ते बघा. बेघर माणसालाही त्याच्या धर्माप्रमाणे सन्मानाने निरोप मिळावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आश्रय अधिकार अभियानाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे.

देह ताब्यात घेताना पायाच्या अंगठ्याची चिठ्ठी, पीएम नंबर आणि पोलिसांचं पत्र, तिन्ही जुळवून घ्यायचं आणि मग चेहऱ्यावरचं कापड बाजूला करून बघायचं. कितीही घाई असो, हे टाळू नये. चुकीचा देह नेला गेला तर दोन घरांवर अन्याय होतो. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कडक उंचवटा लागला तर पेसमेकर असू शकतो. तो डॉक्टरांनी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, आगीत त्याचा स्फोट होतो.

चितेला ३ ते ४ क्विंटल लाकूड धरा. शवगृहातला देह आतून गार असतो, छाती आणि कंबर सगळ्यांत उशिरा जळते, म्हणून जाड ओंडके तिथे. नवखी माणसं सरण गच्च रचतात. हवा खेळली नाही तर नुसता धूर होतो. खाली आडवे ओंडके ठेवून मध्ये फट सोडायची, सुक्या गोवऱ्या आणि राळ आत भरायची. पावसाळ्यात तर यावरच सगळं अवलंबून असतं. पेट्रोल कधीच नाही: भडका उडतो, अग्नी देणाऱ्याचा हात भाजतो आणि लाकूड तसंच राहतं. देह सरणावर ठेवल्यावर त्याभोवतीचं प्लास्टिक हातमोजे घालून कापून खालून ओढून घ्यावं. संसर्गाचा इशारा असेल तर मात्र पिशवी उघडायची नाही.

मुक्तिधामच्या पावतीवर मर्ग नंबर आणि पीएम नंबर लिहून घ्यावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयातला मृत्यू रुग्णालय कळवतं; शहरात सार्वजनिक जागी सापडलेल्या देहाची नोंद देणं ठाणेदाराचं काम आहे. दोघांनाही आठवण करून द्यावी लागते. पाच वर्षांनी मुलगा शोधत आला तर त्याच्या हाती हीच साखळी येते.

अस्थींच्या मडक्यावर कागदाची चिठ्ठी टिकत नाही, ओल लागून शाई पुसते. तैलरंगाने नंबर घालावा आणि तारेने पत्र्याचा बिल्लाही बांधावा. सर्वपित्रीला गुरुजी तर्पण करतात तेव्हा गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात; आप्त नसलेल्यांसाठीचं पाणी त्या विधीत आधीपासूनच आहे. मडकी खेडीघाटला नर्मदेवर न्यायच्या आदल्या दिवशी एकेका मर्ग नंबरासाठी ठाण्यात पुन्हा फोन करावा आणि विचारावं, कुणी चौकशीला आलं होतं का?