तुम्ही विचारलंत म्हणून: हे आडनाव कुठलं?

आडनाव विचारणं म्हणजे नुसतं आडनाव विचारणं नसतं, हे मराठी माणसाला मी सांगायला नको. माहेरचं माझं आडनाव ‘कर’ने संपणारं. ते उच्चारलं की समोरचा आधी गाव काढायचा, गावावरून जात काढायचा, आणि मग किती सलगी करायची ते ठरवायचा. अमेरिकन माणसाशी लग्न झाल्यावर तो खेळ बंद पडला आणि दुसरा सुरू झाला. आता मंडळाच्या गणपतीत आरती झाली की हातात प्रसादाचा द्रोण धरून एखाद्या काकू विचारतात, ‘हे तुमचं आडनाव नक्की कुठलं हो? जर्मन का? फारसं ऐकलं नाही कुठे.’ ऑफिसात नवा माणूस आला की त्याचं ठरलेलं, ‘आइकच्या घराण्यातली का?’ (आइक म्हणजे अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर.) आणि फोनवर आडनाव ऐकून प्रत्यक्ष भेटीला आलेला माणूस माझ्यामागे आणखी कोणी उभं आहे का ते बघतो. तो तोंडाने काही विचारत नाही, पण विचारतो तेच.

तर एकदाच सगळं लिहून टाकते. नेमकं कोणत्या स्पेलिंगचं ते इथे देणार नाही. ज्यांनी विचारलंय त्यांना ते ठाऊकच आहे, आणि पुढे जे लिहायचंय त्यात माझ्याखेरीज इतर जिवंत माणसं आहेत. एवढं पुरे की ते ‘आयझेनहाउअर’च्या गोतावळ्यातलं आहे. लोखंडाच्या कामावरून पडलेलं, धंद्याचं आडनाव.

आइकच्या घराण्यातले आम्ही नाही. राष्ट्राध्यक्ष झालेल्या ड्वाइट आयसेनहॉवर यांचा पूर्वज आजच्या जर्मनीतल्या सारलँडमधल्या कार्ल्सब्रुन गावाहून १७४१ मध्ये फिलाडेल्फियाला उतरला. त्यांचं कुटुंब पेन्सिल्वेनियात दीडशे वर्षांच्या आतबाहेर राहिलं आणि १८७८ मध्ये कान्सासला गेलं. आमच्याशी त्यांना जोडणारा एकही कागद नाही. आणि धंद्यावरून पडणारं आडनाव एकाच घरावर थोडंच पडतं? माझी आजी मात्र शेवटपर्यंत मानून चालली की नात मोठ्या घरात पडली. १९५९ च्या डिसेंबरात आयसेनहॉवर दिल्लीला आले तेव्हाचे पेपरातले फोटो तिच्या लक्षात होते. त्याहून जास्त लक्षात होता रेशनवरचा अमेरिकेचा तांबडा गहू आणि दुष्काळातला मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. ज्या पीएल ४८० कायद्याखाली अमेरिकेचं धान्य आपल्याकडे येऊ लागलं, त्यावर १९५४ मध्ये सही आयसेनहॉवर यांचीच. ‘तुझ्या सासऱ्यांना सांग, त्या मिलोची भाकरी थापता यायची नाही,’ असा तिचा निरोप होता. मी तो पोचवला. सासरे म्हणाले, ‘ते कान्सासवाले. आपण कॅरोलिनाचे.’

दुसरी एक गोष्ट लोक मला उलट ऐकवतात: एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणीच्या ठाण्यावर, म्हणे अधिकाऱ्यांनी नावं बदलली. एलिस आयलंड सुरू झालं १८९२ मध्ये. तिथले अधिकारी जहाजावरून आलेल्या यादीशी माणूस ताडून बघत. नवी नावं वाटत बसत नसत. आमच्या लोकांना तर तोवर अमेरिकेत दीडशे वर्षं होत आली होती. ते आले फिलाडेल्फियाला. तिथे १७२७ पासून नियम होता की जर्मन मुलखातून आलेल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहण्याची कबुली द्यायची. त्या याद्या आजही आहेत. एक यादी कप्तानाची, बाकीच्या शपथेच्या. कप्तान इंग्रज, त्याने कानाला जे लागलं ते लिहिलं. ज्याला सही येत होती त्याने जर्मन लिपीत स्वतःचं नाव लिहिलं. येत नव्हती त्याने खूण केली आणि कारकुनाने शेजारी नाव घातलं. एकाच जहाजावरचा एकच माणूस, आणि त्याची दोन-तीन नावं पहिल्याच दिवशी. बायका आणि मुलं शपथेच्या यादीत नाहीतच.

पुढे पेन्सिल्वेनियात जमीन महागली, तशी ही मंडळी बैलगाड्या, घोडागाड्या घेऊन शेनान्डोआ खोऱ्यातून दक्षिणेला सरकली, ती उत्तर कॅरोलिनात सॉल्झबरीच्या आसपास येऊन थांबली. त्या रस्त्याला ग्रेट वॅगन रोड म्हणतात. शेजारी त्यांना ‘डच’ म्हणायचे, म्हणजे जर्मनच. दोन पिढ्यांत जर्मन भाषा गेली. इथल्या जुन्या ल्युथरन चर्चच्या आवारात बापाचा दगड जर्मन अक्षरांत आणि मुलाचा इंग्रजीत, दोघांच्या आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं मी स्वतः बोटाने शेवाळ खरवडून वाचलेलं आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनद्वेषापायी कित्येकांनी नावं बदलली हे खरं, पण आमच्याकडे बदलायला तोवर काही उरलंच नव्हतं.

आता लोक आमच्या आडनावाला ‘दुर्मिळ’ म्हणतात, तो प्रकार. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१० च्या मोजणीवरून शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आडनावांची यादी काढली, त्यात १,६२,२५३ आडनावं आहेत. वर स्मिथ, चोवीस लाखांहून जास्त. आमचं फार खाली. पण खाली का? एका आडनावाचे सहा-सात तुकडे झाले म्हणून. कोणी ई-आयने सुरू करतं, कोणी नुसत्या आयने. कोणाच्या मध्ये एस, कोणाच्या सी, कोणाच्या झेड. शेवट कोणाचा ‘हॉवर’, कोणाचा ‘अवर’, कोणाचा ‘हाउअर’. प्रत्येक तुकडा यादीत वेगळा, म्हणून प्रत्येक तुकडा दुर्मिळ. साउंडेक्स नावाची एक पद्धत आहे, तिचं पेटंट १९१८ चं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. एस, सी, झेड तिघांना दोन, एनला पाच, आरला सहा. जुन्या खानेसुमारीची शोधकार्डं अशीच लावलेली. त्यात ई वाले सगळे ई-२५६ मध्ये पडतात आणि आय वाले सगळे आय-२५६ मध्ये. म्हणजे एस-सी-झेडची भाऊबंदकी साउंडेक्सने मिटवली, पण सख्खे भाऊ पहिल्या अक्षरावरून दोन वेगळ्या खणांत गेले ते गेलेच. सासरी अजूनही ‘सी वाले’ म्हटलं की नाक मुरडतात. ते म्हणे घोडे विकताना फसवायचे.

इथवरचं उत्तर मी गणपतीत, ऑफिसात, विमानतळावर दिलेलं आहे. लोक ‘वा, इंटरेस्टिंग’ म्हणतात आणि जातात. पुढचं देत नाही.

सासरच्यांचं दर ऑगस्टमध्ये कुटुंबसंमेलन असतं. चर्चच्या हॉलमध्ये लांब टेबलं, घरोघरचं तळलेलं चिकन, मसाला भरलेली अंडी, केळ्याचं पुडिंग, घशाशी येईल इतका गोड चहा. भिंतीवर वंशावळीचा तक्ता, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लग्न करून आलेल्यांची नावं त्यात तुटक रेघेच्या चौकटीत. माझ्या चौकटीत माझं पहिलं नाव चुकीच्या स्पेलिंगने, आणि खाली ‘इंडिया’. बाकीच्या सुनांच्या चौकटीत माहेरचं आडनाव असतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं मी रागाने केलं असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

चुलत सासऱ्यांनी मला काम दिलं होतं: ‘तुला कॉम्प्युटर येतो, आपण एकूण किती जण ते काढ.’ मी काढायला बसले. १८७० ची खानेसुमारी बघत होते. आमच्या खापरपणजोबांचं घर सापडलं, शेत, बायको, मुलं. त्याच पानावर थोडं खाली तेच आडनाव, तेच स्पेलिंग. आनंद झाला, एक सुटलेली शाखा मिळाली म्हणून. मग वर्णाच्या रकान्यात पाहिलं. ‘बी’, म्हणजे ब्लॅक, काळे. नवरा शेतमजूर, बायको, पाच मुलं, मोठ्या दोघांपुढे लिहिता येत नसल्याची खूण.

१८७० ची खानेसुमारी ही मुक्त झालेल्या गुलामांची नावं लिहिणारी पहिली. त्याच्या आधीची, १८६० ची, त्यांच्यासाठी वेगळी वही आहे. तिच्यात मालकाचं नाव असतं, माणसांची नसतात. नुसतं वय, पुरुष की बाई, काळा की मिश्र. मी ती वही उघडली. खापरपणजोबांच्या बापाचं नाव होतं. त्याच्यापुढे ओळी होत्या. त्यांतली एक ओळ, पुरुष, वय त्या मजुराच्या वयाशी जुळणारं. तोच का? सांगता येत नाही. सुटलेल्या सगळ्यांनी शेवटच्या मालकाचंच आडनाव घेतलं असं नाही. कित्येकांनी आधीच्या मालकाचं धरलं, कित्येकांनी भलतंच. पण मालक होता, हे तर छापील रकान्यात होतं. आणि लहानपणापासून माझ्या नवऱ्याला सांगितलं गेलं होतं की जर्मन ल्युथरन शेतकरी स्वतःच्या हाताने राबायचे, गुलामबिलाम इंग्रजांचे. कमी होते हे खरं. नव्हते हे खरं नाही.

जेवणाआधी आकडा सांगायचा होता. मी म्हटलं, आकडा दोन प्रकारे काढता येतो, आणि दोन्ही पानांच्या छापील प्रती टेबलावर ठेवल्या. पुडिंगच्या भांड्याशेजारी. चुलत सासऱ्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. आवाज चढवला नाही. म्हणाले, ‘हे आपले नव्हेत. यांनी आडनाव फक्त घेतलं.’

मी म्हटलं, ‘मीही फक्त घेतलंच आहे.’

कोणीतरी प्रार्थना सुरू केली. नेहमीपेक्षा लांब. जेवताना माझ्याशी सगळे प्रेमाने बोलले, अगदी ताटात वाढून दिलं. प्रती जेवणानंतर टेबलावर नव्हत्या. गाडीत सासूबाई म्हणाल्या, ‘पोरी, जेवण तरी होऊ द्यायचंस.’ त्यावर मी जे बोलले ते लिहीत नाही.

आता माझी बाजू. मला काम दिलं होतं मोजायचं, मी मोजलं. कोणाला मोजायचं ते आधी सांगायला हवं होतं. हे मी नवऱ्याला पुष्कळदा ऐकवलंय, आणि तो मान डोलावतो. पण तुटक चौकटीतलं ते ‘इंडिया’ मला बोचलं नसतं, तर मी प्रती टेबलावर ठेवल्या असत्या का? की चुलत सासऱ्यांना बाजूला घेऊन दाखवल्या असत्या? त्या मजुराच्या पाच मुलांच्या खांद्यावरून मी स्वतःचं भांडण भांडले असेन. नसेनही. आणि माझी तुलनाही तशी बघायला गेलं तर लंगडीच. मी आडनाव घेतलं ते काउंटीच्या कचेरीत, शुल्क भरून, हसत फोटो काढून. मैत्रिणी म्हणत होत्या, ‘कशाला घेतेस? आपलं चांगलं आहे की.’ मी म्हणाले होते, कागदावरचं नाव ते काय, पासपोर्टला सोपं जाईल. त्या वेळच्या मला आज कोणी भेटवलं तर मी तिला ती १८६० ची वही दाखवीन. ती बहुतेक म्हणेल, ‘त्याचा माझ्याशी काय संबंध? मी तर दादरहून आले.’ मला तिला उत्तर देता येईल की नाही, शंकाच आहे. माहेरच्या ‘कर’वाल्या आडनावाखाली कोण कोण राबलं, त्यांची नावं कुठल्या वहीत आहेत, हे मी कधी शोधलं?

गेल्या वर्षी एका बाईंची ईमेल आली. फिलाडेल्फियाच्या. आडनाव आमचंच, आमच्याच स्पेलिंगचं. मी एका वंशावळीच्या साइटवर ती दोन पानं चढवून ठेवली होती, तिथून त्यांना पत्ता मिळाला. त्यांचे आजोबा कॅरोलिनातून उत्तरेला गेले, गिरणीत लागले. आयुष्यभर त्यांना लोक विचारत आलेत, काळ्या बाईचं हे जर्मन आडनाव कुठलं? आता त्या मला विचारत होत्या. पुढे आणखी एक ओळ होती: तुमचं पहिलं नाव अमेरिकन वाटत नाही, तुमच्याकडे हे कसं आलं?

तेवढं हसू मला बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. मग फोनवर बोलणं झालं, लांबलचक. मी कप्तानाची यादी सांगितली, वॅगन रोड सांगितला, ई-२५६ आणि आय-२५६ सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ते सगळं ठीक, पण ओळीतला तो माणूस, त्याला त्या घरात काय नावाने हाक मारत असतील? १८७० च्या पानावरचं पहिलं नाव मी वाचून दाखवलं. ‘ते त्याने सांगितलेलं,’ त्या म्हणाल्या. ‘मी हाक म्हणतेय.’

विकलेल्या-घेतलेल्यांची नावं कधी कधी मृत्युपत्रात सापडतात, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत सापडतात. त्या चर्चची जुनी वही चुलत सासऱ्यांच्या ताब्यातल्या कपाटात आहे. किल्लीही त्यांच्याकडे. बाईंनी विचारलंय, ऑगस्टच्या संमेलनाला बाहेरच्यांनी आलं तर चालतं का. नवरा म्हणतो, ‘विचारायचं काय त्यात, बोलाव.’ चालतं असं कळवलं आणि तिथे त्यांना तुटक चौकट दाखवली गेली तर? चालत नाही असं कळवायला मी कोण? सासूबाई म्हणाल्या, ‘थांब, आधी भावोजींना विचारते.’ विचारलं का, ते मी अजून विचारलेलं नाही.